अरुंद, कोनदार देवनागरी: यंत्रशाळेच्या पाट्यांसाठी तयार टाइप घ्यावा की अक्षरं स्वतः काढावीत?

छन्नी_हातोडा

एका यंत्रशाळेच्या पाट्यांचं काम आहे. तीन प्रकार आहेत. भिंतीवरच्या विभाग-पाट्या ६०० × १५० मिमी, १० मीटरवरून वाचता यायला हव्यात. यंत्रांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, अक्षर साधारण ५ मिमी. आणि जमिनीवर, रॅकवर रंग मारायला पत्र्याचे स्टेन्सिल, अक्षर १०० मिमी.

इंग्रजीसाठी एजन्सी एफबी हा टाइप ठरला आहे: उभट, चौकोनी, उभ्या बाजू सरळ. मराठी त्याच्या शेजारी त्याच घरातली दिसायला हवी. प्रश्न असे:

तेको, खंड, राजधानी, अनेक या चार फॉन्टांपैकी काय चालेल? तयार फॉन्ट कोरलड्रॉमध्ये आडवा ७० टक्के दाबला तर काय बिघडतं? कोपरे ४५ अंशांत छाटलेले हवे आहेत, पण कागदावर काढून पाहिल्यावर ब भरून जातो, घ आणि ध एकच दिसतात आणि ि-ी च्या वरच्या वळणाची दुसरी शिरोरेषाच होते. रेघेची जाडी आणि कोपऱ्याचा छाट यांचं काही गणित असतं का?

दंडकाना

आधी दाबण्याचं. दाबू नका. ७० टक्के आडवं दाबलं की १०० एककांचा उभा दंड ७० चा होतो, पण शिरोरेषा होती तेवढीच राहते. म्हणजे आडव्या रेघा उभ्यांपेक्षा जाड. अरुंद अक्षरात आधीच आडव्या रेघांची गर्दी असते, त्यात ही भर पडली की लांबून शब्दाऐवजी एक काळी पट्टी दिसते. ४५ अंशांचे कोपरेही दाबून ५५ चे होतात.

तयार फॉन्टांपैकी तेको (इंडियन टाइप फाउंड्री, मनुषी पारीख) तुमच्या कामाला सर्वांत जवळचा: रेघेच्या जाडीत चढउतार कमी, प्रमाण चौकोनी, बांधणी साधी. पाच वजनं आहेत. बोल्ड एक-दोन शब्दांसाठीच केलेला आहे, लांब मजकुराला मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या. खंड त्याच फाउंड्रीचा, त्याच्या पोकळ्या, म्हणजे अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा, जास्त उघड्या, म्हणून लहान आकारात तेकोपेक्षा बरा टिकतो. राजधानी अधिक चौकोनी आहे, पण रेघ बारीक वाटते. १० मीटरवरून मी तो वापरणार नाही. मुंबईच्या एक टाइपचा अनेक देवनागरी हा व्हेरिएबल आहे, रुंदी ७५ ते १२५ आणि वजन १०० ते ८०० मध्ये हवं तिथे थांबवता येतं. त्याचे कोपरे गोलसर आहेत, एजन्सीशेजारी तो थोडा मऊ पडेल, पण एकाच फाइलमध्ये अरुंद-रुंद दोन्ही मिळतात ही मोठी सोय. हे चारही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. अक्षरं उघडून कोपरे छाटायला हरकत नाही. बदललेला फॉन्ट पुढे कुणाला देणार असाल तर नाव बदलण्याची अट असते का ते परवान्यात पाहा, आणि परवाना तोच ठेवा.

आता स्वतः काढायचं असेल तर. मूळ एजन्सी गॉथिक मॉरिस फुलर बेंटन यांनी १९३२ मध्ये काढला तेव्हा त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती; लहान (स्मॉल) अक्षरं डेव्हिड बर्लो यांनी १९९० मध्ये फॉन्ट ब्यूरोसाठी जोडली. या जातीचे लॅटिन टाइप कॅपिटलांवर उभे आहेत: वर काही नाही, खाली काही नाही, दोन-तीन आडव्या रेघा आणि झालं. देवनागरीत ती चैन नाही. म्हणून जाडी A किंवा H बघून ठरवू नका, इ बघून ठरवा.

एम, म्हणजे फॉन्टमध्ये अक्षर ज्या चौकटीत मोजतात ती, १००० एककांचा धरा. पायापासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत ६४०. इ मध्ये शिरोरेषा धरून चार आडव्या रेघा येतात, मध्ये तीन फटी. आडवी रेघ ९० ठेवली तर रेघा ३६०, उरले २८०, दर फटीला ९३. हे वाचतं. तीच रेघ ११० केली तर उरतात २००, दर फटीला ६६. रेघेपेक्षा फट बरीच लहान झाली की इ, ह, झ, द्ध सगळे भरले. म्हणून उभा दंड १००, आडवी ८५ ते ९०, शिरोरेषा ८० असं ठेवा. मोजमापात ती बारीक आहे, पण डोळ्याला सारखीच दिसते, कारण शिरोरेषा पूर्ण शब्दभर सलग धावते आणि सलग रेघ जाड वाटते.

रुंदी सगळ्यांना एकसारखी देण्याचा मोह टाळा. प मध्ये दोन उभ्या रेघा: २०० + पोकळी १३० + दोन्ही बाजूंची मोकळीक ९० = ४२०. ण मध्ये तीन उभ्या: ३०० + ९० च्या दोन पोकळ्या १८० + ९० = ५७०. ण ला ४२० मध्ये कोंबलं तर तो काळा ठिपका होतो. क, फ, अ, श, क्ष हेही मोठेच राहणार. अरुंद देवनागरीत एकसारखी ठेवायची ती उभ्या रेघांमधली अंतरं. रुंदी आपोआप येते.

कोपऱ्याचं गणित आहे. बाहेरचा छाट ४५ अंशांत c एवढा आणि रेघेची जाडी t असेल, तर तिरक्या भागातही जाडी तीच राहायला आतला छाट c वजा ०.५८६ t हवा. t = १००, c = १२० तर आतला साधारण ६१. c जर ५८ च्या खाली असेल तर आतला कोपरा काटकोनच ठेवा, नाहीतर तिरका भाग जाड होतो. लोक बाहेर आणि आत सारखाच छाट घेतात, मग तिरक्या जागेची रेघ दीडपटीच्या आसपास जाड होते आणि प्रत्येक कोपऱ्यात गाठ दिसते.

शिवाय ४५ अंशांचा हट्टही अरुंद अक्षराला महाग पडतो. पोकळी १३० ची, तिच्यात दोन्हीकडून ६१ गेले की सपाट भाग उरतो ८, म्हणजे तळ टोकदार झाला. आडवा ७०, उभा ११० असा छाट घ्या, साधारण ५७ अंश. लॅटिनमध्येही तोच कोन वापरला तर दोन्ही लिप्या तेवढ्याने जवळ येतात.

तुमच्या शंकांची अक्षरं:

ब ची तिरकी रेघ इतर रेघांच्या ६५-७० टक्के जाडीची करा आणि सरळ काढा. कोपऱ्याच्या छाटाला समांतर नको, नाहीतर छाट आणि रेघ मिळून एक जाड तिरपा पट्टा होतो. ष लाही हेच.

घ-ध आणि म-भ: ध आणि भ मध्ये शिरोरेषा तोडलेली असते, पण अरुंद टाइपात ती फट ४० एककांची उरते आणि लांबून मिटते. फट किमान आडव्या रेघेएवढी, ९० ठेवा. शिवाय ध-भ च्या डाव्या टोकाला आत वळणारा स्पष्ट आकडा द्या. सगळा भार फटीवर टाकू नका.

ख चा र चा पाय व ला खाली जोडा. न जोडलेला ख अरुंद अक्षरात हमखास रव वाचला जातो.

ठ आणि ढ चे अष्टकोनही शून्यासारखे दिसू शकतात. ठ ची मान, म्हणजे शिरोरेषेपासून पोकळीपर्यंतचा तुकडा, १२० च्या खाली आणू नका. ळ ची दोन घरं एकाच भिंतीने जोडली की खिडकी दिसते. मधली भिंत वर थांबवा, तळ उघडा ठेवा.

ि आणि ी: वरचं वळण सपाट करून शिरोरेषेला समांतर ठेवलंत तर दोन पट्ट्याच दिसणार. ते तिरपं काढा, दंडाकडे चढतं, आणि त्याच्या व शिरोरेषेच्या मध्ये सर्वांत कमी जागी ६५ ठेवा. ऱ्हस्व ि चं टोक पुढच्या अक्षराच्या दंडावर यायला हवं, म्हणून किमान तीन-चार रुंदीचे ि लागतात: प साठी, ण-क साठी, क्ष साठी, जोडाक्षरांसाठी. एकच ि सगळीकडे वापरला की "क्षितिज" मधला पहिला ि अर्ध्यातच संपतो.

चाचणीला "मूर्तींना" घ्या. खाली दीर्घ ऊकार, वर रफार, वेलांटी, अनुस्वार एकत्र. हा शब्द बसला तर बाकीचे बसतील.

पत्रेवाला

कापणाऱ्याच्या बाजूने.

विभाग-पाटीपासून. अक्षराची उंची म्हणजे अंतर भागिले २०० हा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब. १० मीटरला ५० मिमी. अरुंद टाइपाला पाव पट वाढवा, म्हणजे ६२-६५. ही उंची पायापासून शिरोरेषेपर्यंत, मात्रांसकट नव्हे. वर दिलेल्या मापांत मात्रांना ९२० पर्यंत आणि उकारांना खाली २६० पर्यंत जागा धरली तर एकूण ११८० एककं, त्यात अक्षराचं अंग ६४०, म्हणजे ५४ टक्के. १५० मिमीच्या पाटीवर "१५० मध्ये १०० चं अक्षर सहज बसेल" असा अंदाज इंग्रजीवरून बांधला जातो आणि मग वेलांटी कडेबाहेर जाते. ६५ चं अक्षर घ्या: एकूण १२० मिमी, वर-खाली १५-१५ मोकळे. "वंगण तेल साठा" एवढा मजकूर या मापाने सव्वाचारशे मिमीच्या आसपास जाईल, ६०० मध्ये आरामात. दोन ओळी मात्र १५० मध्ये नकोत. इंग्रजी दुसऱ्या ओळीत हवं असेल तर पाटी २४० ची करा.

५ मिमीच्या पट्ट्या: त्या मापात उभी रेघ ०.७८ मिमी आणि आडवी ०.७ होते. १ मिमीच्या कटरने कोरायला गेलात तर कटर रेघेपेक्षा जाड. ०.७ च्या कटरने एकेरी रेघ कोरता येते, पण मग छाटलेले कोपरे विसरा. कोपरे हवे असतील तर फायबर लेझर मार्किंग किंवा स्क्रीन प्रिंटिंग. स्क्रीनला कमीत कमी फट ०.३ मिमी धरा. ९३ एककांची फट ५ मिमीच्या अक्षरात ०.७३ येते, काही अडचण नाही. ६६ ची फट ३ मिमीच्या अक्षरात ०.३१ वर येते, तिथे शाई भरायला लागते. २० मिमीच्या वर कोरीव कामात १ मिमीचा कटर चालतो आणि कोपरा ०.५ त्रिज्येचा येतो, तिथे छाट स्पष्ट दिसतो. काटकोनापेक्षा छाटलेला कोपरा कटरला सोपाच, कारण १३५ अंशांच्या कोपऱ्यात कमी माल उरतो.

स्टेन्सिलला सगळ्यात जास्त डोकं लागतं आणि लोक तिथेच सगळ्यात कमी लावतात. लॅटिन स्टेन्सिलची सवय असलेला माणूस फक्त बंद पोकळ्या बघतो: ब, व, ठ, प ला ब्रिज, म्हणजे आतला तुकडा धरून ठेवणाऱ्या न कापलेल्या पट्ट्या, टाकले की काम झालं असं समजतो. देवनागरीत खरी गडबड शिरोरेषेची. "अग्निशामक" सलग कापलं तर वर शब्दभर लांबीची एक खाच पडते आणि अक्षरांमधले पत्र्याचे तुकडे फक्त खालून धरलेले राहतात, जिभांसारखे. पहिल्यांदा रंग पुसताना त्या वाकतात, मग पत्रा जमिनीवर सपाट बसत नाही आणि रंग आत शिरतो. म्हणून प्रत्येक अक्षराच्या सीमेवर शिरोरेषा तोडून ब्रिज हवा. १ मिमी पत्र्याला १०० मिमीच्या अक्षरात ३ ते ४ मिमी ब्रिज, २ च्या खाली नको.

लांबच लांब कापामुळे पत्रा तापून वळतो तेही आहेच. शेजारची दोन अक्षरं पाठोपाठ न कापता एक सोडून एक असा क्रम लावा.

रंग: स्प्रे असेल तर डबा २० ते २५ सेंमीवर, काटकोनात, दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की ब्रिजच्या खाली ओघळ जातो. रोलर असेल तर फोमचा, जवळजवळ कोरडा. आणि दर आठ-दहा छापांनंतर पत्र्याची मागची बाजू पुसायची. ती ओली राहिली की पुढच्या छापात सगळ्या कडा दुहेरी.

दंडकाना

पत्रेवाले, एक दुरुस्ती. "प्रत्येक अक्षराच्या सीमेवर" बरोबर, पण घ आणि म ला जपा. यांच्या डाव्या टोकाशी ब्रिज अक्षराच्या आत सरकला तर घ चा ध आणि म चा भ होतो. "घाण" चं "धाण" कुणीतरी समजून घेईल, "मार" चा "भार" झाला तर नाही. या दोघांच्या आधीचा ब्रिज मागच्या अक्षराच्या बाजूला ढकला, घ-म ची शिरोरेषा डाव्या टोकापर्यंत अखंड ठेवा. ध-भ ची स्वतःची फट मात्र ब्रिजच्या दुप्पट रुंद हवी, म्हणजे फरक कळतो.

बंद पोकळ्यांचे ब्रिज जिथे पोकळी दंडाला मिळते तिथे टाका (व, ब, क). शिरोरेषेने वरून बंद होणाऱ्या प, ष ला सीमेवरचा ब्रिज पुरत नाही, पोकळीच्या वर स्वतंत्र एक लागतो. ठ, ढ ला वर मानेशी आणि खाली, दोन्हीकडे.

पत्रेवाला

मान्य. प चा वरचा ब्रिज मध्ये न घेता दंडाला लागून घ्या, रंगल्यावर तो कमी खुपतो.

छन्नी_हातोडा

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, पण फॉन्ट टाकला की हिंदी वळणाचे येतात. आणि रॅक क्रमांक देवनागरी अंकांत द्यावेत का?

अर्धा_र

महाराष्ट्र शासनाच्या वर्णलेखनाच्या निर्णयांत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे, तेव्हा तुमचा आग्रह योग्य. तांत्रिक बाजू अशी की बऱ्याच फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप भाषेची खूण दिल्याशिवाय उठत नाही. इनडिझाइन-इलस्ट्रेटरमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा मराठी करा आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू ठेवा. वेबवर पानाच्या लँग खुणेत एमआर हवं. तरी आलं नाही तर त्या फॉन्टमध्ये ती सोय नाही, ग्लिफ पॅनेलमध्ये शोधून हाताने बदला. स्वतः फॉन्ट करत असाल तर डेव्ह२ (फॉन्टमधली देवनागरीची खूण) लिपीखाली मराठीची भाषा-नोंद करून एलओसीएलमध्ये, म्हणजे भाषेनुसार अक्षराचं रूप बदलणाऱ्या सोयीत, ल, श आणि त्यांची अर्धी रूपं, चारही घाला. अर्धी विसरतात, मग "कल्याण" मध्ये एक वळण आणि "लाल" मध्ये दुसरं.

"फेऱ्या", "दोऱ्या" मधला र दोन तऱ्हांनी टंकला जातो: ऱ (युनिकोड ०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह). फॉन्टने दोन्ही घेतले पाहिजेत. अरुंद टाइपात तो आडवा आकडा पुढच्या य ला धडकतो, त्याला निदान ७० ची जागा द्या. ॲ साठी ०९७२ हे स्वतंत्र स्थान आहे (युनिकोड ५.१, २००८), जुन्या फॉन्टात ते नसतं आणि "ॲल्युमिनियम" ची सुरुवात चौकटीने होते.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. लॅटिन अरुंद टाइप थोडा मोकळा केला की बरा वाचतो म्हणून डिझायनर पूर्ण ओळीला ट्रॅकिंग देतात, आणि मराठीत शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. इंग्रजी शब्द निवडून फक्त त्यांनाच द्या. फॉन्टमध्येही शिरोरेषा दोन्ही बाजूंना १०-१५ एककं बाहेर काढलेली असावी, नाहीतर काही ठिकाणी केसाएवढी फट दिसते.

मात्र तीच एकमेकांवर चढलेली शिरोरेषा कटिंगला घातक. फाइल कर्व्हमध्ये बदलली तरी प्रत्येक अक्षर वेगळं असतं. प्लॉटर किंवा लेझर चढलेल्या जागेतून दोनदा आडवा काप मारतो. आधी सगळी अक्षरं एकत्र जोडा: कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट, आणि मग वायरफ्रेममध्ये (फक्त कडा दिसतात त्या दृश्यात) बघून खात्री. हे झाल्यावरच ब्रिज टाका.

दोन ओळी आल्या तर ओळींमधलं अंतर अक्षर-आकाराच्या १.३ पट तरी. एजन्सीला १.० पुरतं म्हणून तेच मराठीला दिलं की वरच्या ओळीचा ृ खालच्या ओळीच्या ै वर बसतो. इंग्रजी कॅपिटलची वरची कड शिरोरेषेच्या वरच्या कडेशी जुळवा, पायाशी पाय. त्यासाठी इंग्रजीचा आकार वेगळा द्यावा लागेल, एकाच पॉइंटमध्ये ते जुळत नाही.

निळी_शाई

रॅक क्रमांकांना आंतरराष्ट्रीय अंक द्या. साठ्याच्या संगणकात आणि बारकोडच्या चिठ्ठीवर तेच असणार. देवनागरीच हवे असतील तर कोनदार रूपात ५ आणि ४, तसंच १ आणि ९ शेजारी लिहून लांबून बघा. १ चं खालचं शेपूट छाटलं गेलं की तो ९ सारखा वाचला जातो.

आणि एक गोष्ट वर कुणी म्हटली नाही. उच्चदाबाच्या धोक्याच्या पाट्यांना हा टाइप लावू नका. त्या पाट्यांसाठी आयएस २५५१ हे मानक आहे, कवटी आणि हाडांचं चिन्ह, स्थानिक भाषा हे सगळं नियमातच येतं. तिथे रुंद, साधं, मोकळं अक्षर हवं. अग्निशामक आणि प्रथमोपचाराच्या पाट्यांनाही मी नेहमीच्या रुंदीचा मुक्ता किंवा नोटो फॉन्ट घेईन. उभट कोनदार अक्षर विभागाच्या नावाला, रॅकला, यंत्राच्या नावाला शोभतं, कारण तिथे वाचणाऱ्याला शब्द आधीच ठाऊक असतो.

छन्नी_हातोडा

ठरलं. विभाग-पाट्यांना तेको सेमीबोल्ड, ल-श तपासून. पट्ट्यांना अनेक देवनागरी, रुंदी ७५, लेझर मार्किंग. स्टेन्सिलची अक्षरं तेवढी स्वतः काढतो: शब्द अठरा-वीसच आहेत, पूर्ण फॉन्ट करायची गरज नाही. धोक्याच्या पाट्या वेगळ्या.

दंडकाना

अठरा-वीस शब्दांत घ, म, ध, भ किती वेळा येतात ते आधी मोजा आणि ती चार अक्षरं सर्वांत आधी काढा. छाटाचा कोन आणि फटीची रुंदी त्यांच्यावर ठरली की बाकीची पटापट होतील.